आरतीचा ठेका, संगणक आणि काकांचा पाय

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात सायंकाळच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज संगीतावर बोलायला उभे केले आहे, हा समितीचा मोठेपणा. मी गवई नाही, वादक नाही. सोलापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली आणि तेव्हापासून रेल्वेच्या सिग्नल खात्यात वायरी, रिले आणि बॅटऱ्या यांच्याशी संसार करतो आहे. पण गेल्या वर्षी महाआरतीला जे घडले ते येथे बसलेल्या बहुतेकांनी पाहिले आहे. त्या दिवशी आरती चालू असताना दर पाच सेकंदांनी लाउडस्पीकरमधून "अहो, कापूर कुठाय?" असा आवाज येत होता. लहान मुले महिनाभर मला "कापूरकाका" म्हणत होती. तेव्हा आजचे भाषण हा त्या गुन्ह्याचा कबुलीजबाब आहे असे समजा.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. कुंभकोणमात आपण मराठी माणसे दोन प्रकारची. एक, तंजावरच्या भोसले राजांच्या काळापासून इथेच असलेली, ज्यांच्या मराठीत आजही जुन्या बखरीतले शब्द सापडतात. दुसरी आपण नंतर आलेली : विटा, खानापूर, आटपाडीकडून गलाईच्या धंद्यासाठी आलेली कुटुंबे, आणि माझ्यासारखे नोकरीने आणून टाकलेले. पहिल्यांनी या भूमीला पुष्कळ दिले. तंजावरच्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद तमिळ भागवतरांनी एकोणिसाव्या शतकात आत्मसात केले आणि ते आजही ऐकू येतात. इथून जवळच्या मरुदानल्लूर, गोविंदपुरम या गावांशी निगडित असलेल्या भजन-परंपरेत मराठी अभंगांना मानाचे पान आहे. म्हणजे इथल्या हवेला आपला ठेका परका नाही. अडचण आहे ती ठेका धरणाऱ्या हातांची.

आपल्या मंडळात ढोलकीवाले काका एकच. नाव घेतलेले त्यांना आवडत नाही, म्हणून घेत नाही. लहान वयात विट्याकडून इथे आले, भट्टीपुढे बसून सोने गाळण्यात आयुष्य गेले आणि संध्याकाळी ढोलकी. आता वयोमानाने त्यांची बोटे सुजतात. दोन वर्षांपूर्वी समितीच्या बैठकीत एक सूचना आली की आरतीची तयार सीडी किंवा पेन ड्राइव्ह लावावा, सोबत म्हणावे आणि मोकळे व्हावे. सूचना वाईट हेतूने नव्हती. पण काका त्या वेळी मान खाली घालून नुसते सतरंजीची घडी सरळ करत बसले होते. ते दृश्य मला सहन झाले नाही. मी उठून म्हणालो, "सीडी नको. मी लूप करून दाखवतो."

लूप म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. वादकाने एक आवर्तन वाजवायचे, यंत्राने ते तिथल्या तिथे टिपायचे आणि लगेच फिरवत ठेवायचे. मग त्यावर झांज, त्यावर टाळ्या, त्यावर पेटी असे थर चढवत जायचे. सीडी दुसऱ्याची असते, लूप आपलाच, आत्ताचा असतो. ही कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत टेरी रायली हा संगीतकार दोन टेप-रेकॉर्डर अंतरावर ठेवून एकच फीत दोन्हींतून नेत असे. पहिल्यावर टिपलेले काही सेकंदांनी दुसऱ्यावर वाजे आणि परत पहिल्यात येई. २००१ साली बॉस या जपानी कंपनीची आरसी-२० ही पायाने चालवायची लूपची पेटी आली आणि एकटा माणूस गिटार घेऊन अख्खा वाद्यवृंद उभा करू लागला. आपल्या मुंबईचे उदाहरण घ्या. चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा रागांची एक तबकडी काढली. ठेका यंत्राचा, वर राग. त्या वेळी ती फारशी कोणी ऐकली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झाले.

आता संगणकावरच्या सॉफ्टवेअरकडे वळतो. मी साधारण वर्षभर, ड्यूटी संपल्यावर, यांतली काही वापरून पाहिली. त्यांचे दोन वर्ग पडतात. एक तयार घरासारखा, दुसरा विटा-चुन्यासारखा. दुसऱ्या वर्गाला मॉड्युलर म्हणतात. छोटे छोटे डबे असतात. एक डबा आवाज घेतो, एक साठवतो, एक मोजतो, एक वाजवतो. आणि आपण पडद्यावर वायरी जोडून त्यांचे नाते ठरवतो. ज्याने स्टेशनची रिले रूम पाहिली आहे त्याला हे नवीन नाही. तिथेही प्रत्येक रिले एकच साधे काम करते, शहाणपण सारे जोडणीत असते.

तयार घरांपैकी सर्वांत प्रसिद्ध एबलटन लाइव्ह. बर्लिनच्या कंपनीचे, २००१ सालचे. त्यात लूपर हे साधन २००९ च्या आठव्या आवृत्तीपासून आहे. शिकायला सोपे, आणि आवाजाची पट्टी न बदलता लय कमी-जास्त करण्यात फार तरबेज. २०२१ च्या अकराव्या आवृत्तीपासून तर ते माइकमधून ऐकून स्वतःची लय वादकाप्रमाणे बदलू शकते. मात्र पूर्ण संच महाग. त्याचाच चुलतभाऊ बिटविग स्टुडिओ, तोही बर्लिनचाच, २०१४ सालचा. २०१९ पासून त्यात ग्रिड नावाची मॉड्युलर जोडणी आली. त्याचा एक गुण मला अभियंता म्हणून फार आवडला : बाहेरून जोडलेले एखादे वाद्य कोसळले तर ते एकटेच कोसळते, बाकी आवाज चालू राहतो.

विटा-चुन्याच्या वर्गातले आजोबा म्हणजे मॅक्स. पॅरिसच्या इर्काम या संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात मिलर पकेट यांनी ते रचले आणि संगणक-संगीताचे आद्य पुरुष मॅक्स मॅथ्यूज यांचे नाव त्याला दिले. ते विकत घ्यावे लागते. त्याच पकेट यांनी १९९६ मध्ये प्युअर डेटा नावाचे भावंड काढले. हे पूर्णपणे मोफत, आणि इतके हलके की जुन्या लॅपटॉपवर किंवा हाताच्या तळव्याएवढ्या रास्पबेरी पाय संगणकावरही चालते. दिसायला अगदी रुक्ष, पांढऱ्या कागदावर काळे चौकोन. आमच्या सौ. म्हणाल्या, "हे संगीत आहे की ऑफिसचा नकाशा?" तिसरे व्हीसीव्ही रॅक, २०१७ मध्ये अँड्र्यू बेल्ट यांनी काढलेले. यात खऱ्या मॉड्युलर सिंथेसायझरची कपाटे पडद्यावर दिसतात, रंगीत वायरी लोंबतात. मूळ आवृत्ती मोफत आहे, वाजत असताना वायर बदलली तरी चालते. पण मशीनला घाम फोडते. माझ्या लॅपटॉपचा पंखा असा फिरू लागला की त्याचाच आवाज माइकमध्ये आला.

आता कोणी विचारील, आवाज आत जाऊन बाहेर यायला वेळ लागत नाही का? लागतो. संगणक आवाजाचे तुकडे करून गठ्ठ्याने काम करतो. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि २५६ नमुन्यांचा एक गठ्ठा धरला, तर एका गठ्ठ्याला सुमारे ५.८ मिलिसेकंद. जाण्यायेण्याचे आणि साउंड कार्डाचे धरून १५ मिलिसेकंद म्हणू. हा आकडा ऐकून घाबरू नका. आवाज हवेतून एक मीटर जायला जवळजवळ ३ मिलिसेकंद घेतो. म्हणजे १५ मिलिसेकंद म्हणजे ढोलकीवाला आपल्यापासून पाच मीटरवर बसल्यासारखे. या सभागृहात शेवटच्या रांगेत टाळ्या वाजवणारे वीस मीटरवर असतात. त्यांच्यापर्यंत ठेका ५७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेव्हा "संगणकामुळे लय बिघडते" हे सर्वस्वी खरे नाही. निसर्गही थोडा दोषी आहे.

खरी अडचण वेगळीच निघाली, आणि ती मला गेल्या वर्षी सर्वांसमोर कळली. त्या दिवशी वापरलेल्या सॉफ्टवेअरचे नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता, माझा होता. काकांनी एक आवर्तन सुरेख वाजवले, मी पेडल दाबून टिपले, लूप फिरू लागला. काकांनी हात मांडीवर ठेवले. पहिली आरती उत्तम झाली. दुसऱ्या आरतीत टाळ्या पुढे आणि लूप मागे. तिसरीत दोघांची ताटातूट. मी घाबरून बंद करण्यासाठी पेडल दाबले, ते दोनदा दाबले गेले, आणि यंत्राने बंद होण्याऐवजी नवा थर टिपायला सुरुवात केली. नेमके त्याच क्षणी माइकजवळ कोणीतरी कापूर विचारला. पुढचे आपल्याला ठाऊकच आहे.

काकांनी काही न बोलता ढोलकी ओढली आणि शेवटच्या आरतीपर्यंत वाजवली. लोक हसत होते, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी कॉफी दिली. काकांना डबरा-टंबलर उचलता येईना. त्यांनी तो दोन्ही मनगटांमध्ये धरून तोंडाशी नेला आणि मला म्हणाले, "यंत्र लई चांगलं हाय. पन ते म्होरं बघत न्हाई. आरती म्हननाऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागतं." मित्रहो, त्या क्षणी माझे हसू संपले. ज्यांच्या हातांना विश्रांती द्यावी म्हणून मी हा उद्योग केला, त्यांच्याच हातांना मी तो त्रास दिला होता.

घरी येऊन मी त्या आरतीचे ध्वनिमुद्रण घेऊन बसलो आणि घड्याळ लावून मोजले. आपण पहिली आरती मिनिटाला ९२ मात्रांनी सुरू केली होती. मंत्रपुष्पांजलीच्या आधी आपण १२४ वर होतो! आठ मात्रांचे आवर्तन सुरुवातीला ५.२ सेकंदांचे, शेवटी ३.९ सेकंदांचे. आपल्यापैकी कोणालाही आपण धावतो आहोत हे जाणवत नाही. भक्तीचा जोर चढतो तशी लय चढते, आणि काका ती ओळखून बरोबर चढतात. लूप मात्र ५.२ ला शपथ घेऊन बसलेला. तो जुन्या टेपसारखा नुसता जलद फिरवला तर लय जुळेल, पण पट्टीही चढेल. ९२ वरून १२४ वर गेलो तर पाच स्वरांतरांहून थोडी जास्त, म्हणजे षड्जाचा जवळजवळ मध्यम होतो. झांजेला ते चालेल. ढोलकी मात्र डबड्यासारखी वाजेल आणि पेटीचे तर बोलूच नका.

लाइव्हसारखी सॉफ्टवेअरे पट्टी न बदलता लय बदलतात, हे वर सांगितले. माइकवरून लय ओळखण्याची सोयही करून पाहिली. एकटा वादक असेल तर ती छान चालते. पण साठ माणसांच्या टाळ्या, घंटा आणि शंख एकदम आत गेल्यावर बिचारी गोंधळली, कधी या टाळीमागे तर कधी त्या घंटेमागे धावू लागली.

तेव्हा मला माझे खाते आठवले. सिग्नलमध्ये आम्हाला पहिला धडा हा शिकवतात की यंत्र चालते कसे हे नंतर पाहा, बिघडल्यावर ते काय करते हे आधी पाहा. ट्रॅक सर्किटमध्ये रुळांतून वीज वाहते आणि रिलेला उचलून धरते. गाडी आली, रूळ तुटला, वायर निघाली, बॅटरी संपली, काहीही झाले तरी रिले स्वतःच्या वजनाने खाली पडते आणि सिग्नल लाल होतो. म्हणजे बिघाड सुरक्षित बाजूला झुकतो. माझा लूप नेमका उलटा होता. माणूस चुकला, थांबला, निघून गेला, तरी तो वाजतच राहणार! मी सॉफ्टवेअरांची तुलना किमतीवर, सोयीवर, दिसण्यावर करत होतो. खरा प्रश्न एकच होता : माणसाचा हात सुटला तर आवाज थांबतो की नाही?

या कसोटीवर मी प्युअर डेटा निवडले. ते श्रेष्ठ आहे म्हणून नव्हे. हीच गोष्ट मॅक्समध्येही करता येईल, थोड्या खटपटीने इतरांतही. पण ते मोफत आहे, हलके आहे, आणि त्यात बॉंक नावाचा एक डबा आहे जो आघात झाला की लगेच कळवतो. जोडणी अशी केली. देवघरातला एक लाकडी पाट घेतला. त्याच्या खाली पिझोची चकती चिकटवली, घड्याळाच्या गजरात असते तशी, अगदी स्वस्त. काकांनी त्या पाटावर टाच ठेवायची. त्यांचे हात दुखतात, पाय उत्तम आहेत.

मग एका रविवारी काकांनी सावकाश, मध्ये मध्ये विश्रांती घेत, ठेक्याची एकेक मात्रा सुटी वाजवली : जोरात, हळू, उठावाची, तिहाईची. आवर्तन टिपलेच नाही, फक्त मात्रा टिपल्या. आता काका टाचेने मात्रा देतात आणि यंत्र पुढचा तुकडा वाजवते. एका मात्रेत दोन आघात असतील तर दुसरा केव्हा वाजवायचा ते आधीच्या दोन टाचांमधल्या अंतरावरून ठरते. ९२ ला ते अंतर ६५२ मिलिसेकंद, १२४ ला ४८४. काका आपल्या तोंडांकडे बघतात, त्यांचा पाय चढतो, ठेका चढतो, आणि पट्टी जागच्या जागी राहते. आणि पाय थांबला की आवाज थांबतो. रिले खाली पडली!

एक सावधगिरी जोडणी करणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. प्युअर डेटामध्ये कार्यक्रम चालू असताना नवीन डबा टाकू नका, आवाजात खट् होते. वायरिंग आदल्या दिवशी संपवा. गाडी येत असताना कोणी रिले रूममध्ये पक्कड घेऊन जात नाही.

या कामात आमच्या ऑफिसातल्या एका तमिळ सहकाऱ्याची फार मदत झाली. ते मृदंग वाजवतात. मी त्यांना आपला आठ मात्रांचा ठेका समजावू लागलो तर ते हसले. म्हणाले, आमचा आदि ताल आठाचाच. तुम्ही चार-चार मोजता, आम्ही हातावर चार-दोन-दोन. पण त्यांनीच मला एक गोष्ट सांगितली जी मनात घर करून राहिली आहे. इथून जवळच्या नरसिंगमपेट्टै गावी नागस्वरम घडवतात. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. नागस्वरमच्या मागे पूर्वी एक माणूस ओट्टु घेऊन उभा असे. एकच स्वर अखंड धरायचा, एवढेच काम. पुढे इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी आली. बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती विकसित केली आणि गायक-वादकांची मोठी सोय झाली. पण बहुतेक ठिकाणी ओट्टुवाला दिसेनासा झाला. सहकारी म्हणाले, "ओट्टु धरणारा पोरगा वर्षानुवर्षे मागे उभा राहून सगळे ऐकत असे. तोच पुढे नागस्वरम वाजवायचा. पेटी स्वर धरते, पण पेटी मोठी होऊन नागस्वरम वाजवत नाही."

हे ऐकले आणि मी माझ्या पाटाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. यंत्राने काकांची बोटे वाचतील. पण काकांनंतर कोण, या प्रश्नाचे उत्तर यंत्रात नाही. उलट, ठेका व्यवस्थित वाजतो आहे म्हणून हा प्रश्न कोणी विचारणारच नाही, ही भीती आहे.

यंदाची आरती आपण सर्वांनी म्हटली. ठेका कसा झाला ते आपण जाणताच, मी सांगणे बरे नव्हे. काकांना विचारले तेव्हा म्हणाले, "पाय दुखला थोडा. पन हात जोडता आलं, लई वर्सांनी." ढोलकी वाजवणाऱ्याला आरतीत देवापुढे हात जोडता येत नाहीत, हे माझ्या आजवर ध्यानातच आले नव्हते.

हा पाट, ही चकती आणि जोडणीचा सारा मजकूर मंडळाच्या कपाटात ठेवला आहे. त्यासाठी कोणाला काही द्यावे लागणार नाही. मात्र काकांनी पाट वापरायला होकार देताना एक अट घातली आहे, आणि ती सांगण्यासाठीच मी आज उभा राहिलो. पाटाशेजारी दर आरतीला एक मुलगा किंवा मुलगी ढोलकी घेऊन बसली पाहिजे. चुकली तरी चालेल. काका दर रविवारी सकाळी दहा वाजता त्यांच्या घरी शिकवतील, तोंडाने बोल सांगून आणि पायाने मात्रा देऊन. आतापर्यंत दोन नावे आली आहेत, त्यातले एक माझ्या मुलीचे आहे. पालकांनी आजच, प्रसाद घेण्याआधी, माझ्याकडे नावे द्यावीत. ज्या दिवशी तो पाट अडगळीत जाईल, त्या दिवशी माझे काम खऱ्या अर्थाने पूर्ण झाले असे मी समजेन.

 आणि हो, कापूर समईच्या मागच्या डब्यात आहे, आरतीच्या वेळी कोणी विचारू नये.

गणपती बाप्पा मोरया!